किरकोळ दुरुस्ती

१० नोव्हेंबर, रविवार

वेन म्हणाला, "मावशी, तोंडाने भांडत बसू नकोस. तारीख टाकून लिहून ठेव. उद्या गोष्ट कोर्टात गेली तर तिथे वहीचं ऐकतात." वेन माझ्या बहिणीचा मुलगा, भाड्याच्या घरांची दलाली करतो, त्याला यातलं कळतं. म्हणून ही वही काढली. माझ्या मुलीच्या, ॲन्ड्रियाच्या लग्नात पाहुण्यांची नावं लिहायला आणलेली, अर्धी कोरी राहिली होती.

कोर्टासाठी लिहायचं तर नीटच लिहिते. मी ग्रेस, वय त्रेसष्ट, इसिडोरची विधवा. राहणार अंधेरी, गावठाण. घर सासऱ्यांचं. पुढचा भाग माझा, मागच्या दोन खोल्या आणि न्हाणी भाड्याने दिलेली. भाडेकरू राजाराम, शाळेच्या बसवर ड्रायव्हर. बायको चंपा, दागिन्यांच्या कारखान्यात खडे बसवते. मुलगी नीलम, बारावीला. दोन वर्षं होत आली. त्यांच्या आणि माझ्या मध्ये एकच भिंत.

आता तक्रार. आज चर्चमधून, मिस्सावरून आले तर चंपा माझ्या ओटीवर उभी. म्हणे, "आंटी, न्हाणीतल्या नळाला हात लावला की झिणझिणतं." मी म्हटलं, थंडी सुरू झाली, अंगाला मुंग्या येतात. ती म्हणाली, "मुंग्या नाही आंटी, करंट आहे." म्हटलं, मग वायरमन बोलाव. तर म्हणते, घर तुमचं आहे ना!

करारात स्वच्छ लिहिलंय. किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने करावी, मोठी दुरुस्ती मालकाने. झिणझिणणं हे किरकोळच झालं. मोठं असतं तर बाई चालत सांगायला आली असती का? वाचायला येतं या लोकांना, पण करारातलं त्यांच्या सोयीचं तेवढंच वाचतात.

१७ नोव्हेंबर, रविवार

मी न्याय सोडून वागत नाही, हे कळावं म्हणून स्वतः जाऊन नळ तपासला. मागच्या आंगणात ओल असते म्हणून रबरी सपाता घातल्या आणि तशीच आत न्हाणीत गेले. नळ धरला, सोडला, पुन्हा धरला. काही नाही! चंपा बघतच राहिली. म्हणाली, "आंटी, सपाता काढून धरा ना." मी म्हटलं, अगं, माझ्या पायाला भेगा आहेत, ओल्या लादीवर उभी राहू का आता?

गिझर इसिडोरने बसवलेला आहे, बारा वर्षं झाली, कधी कुरकुर नाही. त्याच भिंतीला यांनी पावसाळ्यात वॉशिंग मशीन लावलंय. राजारामने भिंतीला ड्रिल मारून पाइप बाहेर काढलाय. बिघाड असेल तर त्या मशीनचा. मशीन कोणाचं? त्यांचं. झालं तर.

आणखी एक नोंद. समोरच्या भिंतीत न विचारता खिळा मारलाय, मोठ्या फोटोसाठी. बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा एकत्र. फोटोला माझी हरकत नाही, मी तसलं काही मानत नाही. खिळ्याला आहे.

चंपाने चहा टाकला होता. मी घेतला नाही. माझं पोट बरं नसतं.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

राजाराम आला. हा माणूस आवाज चढवत नाही, त्यामुळे त्याच्याशी भांडायला जोर येत नाही.

म्हणाला, "आंटी, बल्ब गेला, मी बदलला. नळाचा वायसर गेला, मी टाकला. कडी तुटली, मी बसवली. तुम्हाला विचारायला पण आलो नाही. पण भिंतीच्या आत काय आहे ते मला कसं माहीत असणार?"

मी म्हटलं, "वापरता तुम्ही ना? मग बिघडवता पण तुम्हीच."

"गिझर घराबरोबरच दिलाय तुम्ही."

"आणि घर चांगलं होतं तेव्हा दिलंय!"

तो म्हणाला, "बरं, अर्धं अर्धं करू. केतनला घेऊन आलोय." केतन म्हणजे नाक्यावरचा वायरमन, बाहेर पिशवी घेऊन उभाच होता. आधीच ठरवून आले होते दोघं. केतनने मीटरची पेटी उघडून बघितली, मागे जाऊन आला आणि म्हणतो, "आंटी, अर्थिंग लागत नाहीये. जमिनीत त्याचा खड्डा असेल कुठेतरी. एक-दोन लाद्या काढून बघावं लागेल."

लाद्या! ॲन्ड्रियाच्या लग्नाच्या लाद्या! मी म्हटलं, हात लावून तर बघ. इसिडोर होता तोवर हे मागचं आंगण म्हणजे नुसती माती होती. लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी, बँड लावून विहिरीवर जायचं, पाणी घेऊन यायचं, मग सगळा गाव आंगणात नाचणार. म्हणून सगळं सपाट करून लादी बसवून घेतली. कोपऱ्यात भिंतीपासून एक गंजकी पट्टी जमिनीत गेलेली होती, तीसुद्धा मी गवंड्याकडून कापून घेतली. नाहीतर कोणाचं तरी लुगडं अडकून बाई तोंडावर आपटली असती. इतकी काळजी घेणारी मालकीण मी, आणि मला सांगतात घराकडे लक्ष नाही.

केतनला घालवून दिला. वेनला फोन केला. "झकास मावशी. परवानगीशिवाय काम करायचा प्रयत्न, हे लिहून ठेव." ठेवलं.

८ डिसेंबर, रविवार

आता तक्रार बंद. नीलमने न्हाणीत लाकडी पाट ठेवलाय, त्यावर उभं राहून आंघोळ करतात. गिझर बंद केल्याशिवाय नळाला हात लावायचा नाही, असा आईने नियम केलाय म्हणे. बघा, अक्कल वापरली की खर्च लागत नाही. वेन म्हणतो, वहीचा परिणाम.

२४ डिसेंबर, मंगळवार

तीन दिवस स्वयंपाकघरातून बाहेर पडले नाही. नाताळच्या नेवऱ्या, मिल्क क्रीम, पेरूचं चीज, सगळं घरी. ॲन्ड्रिया आणि जावई लॉईड दुबईहून येणार नाहीत, तरी सवयीने तेवढंच केलं. गावातल्या सगळ्यांना वाटून झालं. मागे चंपाकडेही दिलं. शेजारपाजारच्यांना काचेच्या प्लेटमध्ये, त्यांना कागदी प्लेटमध्ये. काचेच्या परत येत नाहीत.

हे लिहायची गरज नव्हती. वहीत फक्त दुरुस्तीचं लिहायचं आहे.

९ जानेवारी, गुरुवार

चंपा सकाळी कामावर जाताना थांबली. उजव्या हाताचा पंजा माझ्यापुढे धरला. "आंटी, आता झिणझिण नाही, झटका लागतो. गिझर बंद असला तरी. काल हात संध्याकाळपर्यंत बधीर होता. आमच्याकडे खडा चिमट्याने धरून बसवायचा असतो. मोहरीएवढा असतो. माझं सगळं काम ह्या दोन बोटांत आहे."

मी म्हटलं, "मार्चअखेर करार संपतोय ना, नवीन करताना काय ते बघू."

"मार्चपर्यंत आंघोळ नको करू?"

उलट बोलायची काय गरज होती? माझं दूध गॅसवर होतं. मी आत गेले. बाहेर आले तेव्हा ती गेलेली होती. दूधही उतू गेलं होतं.

गरम पाणी चुलीवर करा म्हणून सांगायला हवं होतं. उद्या सांगीन.

२१ जानेवारी, मंगळवार

सकाळी साडेसातला नीलमची किंकाळी. "आंटी, मेन बंद करा! मम्मी सुटत नाहीये!" मेन स्विच माझ्या ओटीवर. मी स्टुलावर चढले, खाली ओढला. मागे धावले.

चंपा न्हाणीच्या उंबऱ्यावर पडलेली. फेकली गेली होती. उजवं मनगट भलत्याच दिशेला वळलेलं आणि तळहात भाजलेला, काळा पडलेला. डोळे उघडे होते. माझ्याकडे बघत होती.

पाट बाजूला ठेवलेला होता. आज मशीनचे कपडे काढायचे होते म्हणून तिनेच सरकवला होता.

नीलमने आणि शेजाऱ्यांनी रिक्षात घालून नेली. मी गेले नाही. घर उघडं होतं.

देवा सायबा, तिला जगू दे.

२२ जानेवारी, बुधवार

जगली. मनगटात दोन ठिकाणी मोड आहे, सळ्या घातल्या. भाजलेलं भरेल म्हणाले. बोटांचं आत्ता सांगता येत नाही.

वेन दुपारी आला. आल्या आल्या म्हणाला, "वही कुठाय?" वाचली. नोव्हेंबरची पानं वाचताना मान हलवत होता. जानेवारीच्या नऊ तारखेवर थांबला. "मावशी, हे पान फाड." मी म्हटलं, तूच म्हणालास सगळं लिही. "हो, पण हे असलं लिहायचं असतं का यार!"

फाडलं नाही. पानाच्या मागे पुढची नोंद होती म्हणून. असं त्याला सांगितलं.

२४ जानेवारी, शुक्रवार

वीज कंपनीचा इन्स्पेक्टर आला. राजाराम होता, वेन होता, मी होते. गिझर उघडून बघितला. "आतली कॉइल फुटली आहे. पाण्यात करंट येत होता. पण अर्थिंग असतं तर स्विच पडला असता, बाईंना काही झालं नसतं. अर्थिंग तुटलंय." मग मागच्या आंगणात गेला. भिंतीवरून हात फिरवत कोपऱ्यापर्यंत आला. "इथून लोखंडी पट्टी खाली जमिनीत जायला हवी. जुन्या घरांना असतेच. कुठे गेली?"

तेव्हा मला कळलं. तो कोपरा. ती पट्टी.

इन्स्पेक्टरने मला विचारलं, "आजी, तुम्हाला काही माहिती?"

मी म्हटलं, "मला काय माहीत? मिस्टर बघायचे सगळं. ते वारले."

वेन पटकन म्हणाला, "भाडेकरूंनी मशीनसाठी ड्रिल मारलंय बघा इथे. त्यात तुटलं असेल." ड्रिलचं भोक त्या कोपऱ्यापासून हातभर अंतरावर आहे. इन्स्पेक्टर म्हणाला, "असू शकतं. खात्रीने नाही सांगता येणार." आणि लिहून घेतलं.

राजाराम त्या भोकाकडे बघत उभा राहिला. सगळे गेले तरी बघत होता. मला म्हणाला, "आंटी, ड्रिल मारताना काहीतरी कडक लागलं होतं. मला वाटलं दगड आहे."

दगडच असेल. मी बोलले नाही.

२६ जानेवारी, रविवार

आज मिस्सात पहिलं वाचन माझं होतं. वाचलं. माझा आवाज चर्चमध्ये चांगला लागतो असं सगळे म्हणतात.

घरी आल्यावर मागच्या कोपऱ्याशी जाऊन उभी राहिले. इसिडोर वीज कंपनीत लाइनमन होता, तीस वर्षं. दर रविवारी मिस्सावरून आला की कपडे बदलायच्या आधी त्या कोपऱ्यात बादलीभर पाणी ओतायचा. चांगली पँट भिजवायचा, मी ओरडायचे. तिथे अबोलीचं झाड होतं, मला वाटायचं अबोलीला घालतो. एकदा त्याने सांगितलंही होतं, "ग्रेस, खाली मीठ-कोळसा आहे, सुकू द्यायचं नसतं." मी म्हटलं होतं, अबोलीला मीठ कशाला रे! तो हसला होता.

अबोली मी उपटली. पट्टी मी कापली. गवंडी म्हणाला होता, "बाय, ही वायरची पट्टी वाटते, राहू द्या." मी म्हटलं, नाचायचंय आम्हाला, काप.

लिहिलं बाबा. आता हे कोर्टात द्यायची वही राहिली नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

वेन कागद टाइप करून घेऊन आला. त्यात राजारामने लिहून द्यायचं की मशीन बसवताना त्याच्या हातून भिंतीतली वायर तुटली, अपघाताला मालकीण जबाबदार नाही, मार्चअखेर घर खाली करू. मला वाटलं भांडेल. त्याने वाचलं आणि सही केली. वर मला हात जोडले. "आंटी, आमच्यामुळे तुमच्या दारात माणसं आली, इन्स्पेक्टर आला. माफ करा."

माफ करा म्हणाला. मला!

मशीन त्याने भंगारात दिलं. दोन माणसं उचलून नेत होती तेव्हा नीलम दारात उभी होती. बापाकडे बघत नव्हती.

भिंतीतून ऐकू येतं. मी ऐकायला बसत नाही, पण येतं. काल नीलम म्हणत होती, "पप्पा, तुम्हाला एवढी घाई कशाची होती? वायरमनकडून करून घ्यायचं ना!" चंपा त्याच्याशी बोलतच नाही, गरजेपुरतं सोडून. तो तिची वेणी घालतो सकाळी, तिला एका हाताने जमत नाही म्हणून, तेव्हाही नाही.

लाज वाटते. वाटते आणि मी चहा पिते, कपडे वाळत घालते, चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला जाते.

५ मार्च, राखेचा बुधवार

पापनिवेदनाला गेले. रांगेत माझ्यापुढे सात जण. म्हटलं आज सांगायचंच. फादरपुढे गुडघे टेकले आणि सांगितलं: राग येतो, लोकांबद्दल बोलते, ॲन्ड्रिया फोन करत नाही म्हणून कुढते. फादरनी विचारलं, आणखी काही? मी म्हटलं नाही.

कपाळावर राख घेऊन घरी आले. गेटपाशी चंपा उभी होती, फिजिओथेरपीहून परत आलेली. हातात पिवळा रबरी चेंडू, तो दाबत होती. दाबला जात नव्हता. कारखान्यातून फोन आला होता म्हणाली, तिच्या टेबलावर दुसरी बाई बसवली. "पॅकिंगला ये म्हणतात. बघू." मग माझ्या कपाळाकडे बघून म्हणाली, "आंटी, उपास आहे ना आज? उन्हात फिरू नका, चक्कर येईल."

मला घरात येऊन भिंतीला डोकं आपटावंसं वाटलं. आपटलं नाही. मी कधी काही करत नाही.

९ मार्च, रविवार

गेले. मिस्सावरून आले ती तशीच मागे गेले, हातात वही आणि तो टाइप केलेला कागद. तिघं घरात होती. खोके भरायला सुरुवात केली होती.

मी उभ्याउभ्याच म्हटलं, "राजाराम, तू काही केलेलं नाहीस. पट्टी मी कापली. ॲन्ड्रियाच्या लग्नाच्या वेळी, तुम्ही यायच्या आधी." आणि सव्वीस जानेवारीचं पान वाचून दाखवलं. चर्चमध्ये लागतो तसला आवाज लागला नाही.

राजाराम खोक्यावर बसला. "म्हणजे माझं ड्रिल नव्हतं?"

"नव्हतं."

"नक्की?"

"नक्की रे."

तो उठून न्हाणीत गेला आणि नळ सोडून तोंड धूत राहिला. खूप वेळ. नीलम दाराशी गेली, "पप्पा" म्हणाली. ती तिथेच दाराला धरून रडायला लागली.

मी वही मिटली. चंपा म्हणाली, "पहिल्या पानापासून वाचा."

"चंपा, त्यात तुझ्या उपयोगाचं काही नाही गं."

"आमची नावं आहेत ना त्यात? वाचा."

वाचलं. सगळं वाचलं. "या लोकांना" वाचलं. सपाता घालून नळ धरला ते वाचलं. खिळ्यापाशी आवाज बसला, कारण फोटो समोरच होता. पोट बरं नसतं ते वाचलं. कागदी प्लेटपाशी नीलमने मान वर केली. म्हणाली, "आम्हाला वाटायचं तुम्ही सगळ्यांनाच कागदी देता." ती रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

संपल्यावर चंपाने विचारलं, "इन्स्पेक्टर आला त्या दिवशी तुम्हाला कळलं होतं?"

"हो."

"दीड महिना मी ह्यांच्याशी धड बोलले नाही, आंटी."

मी टाइप केलेला कागद पुढे केला.

"दुरुस्ती कोणाची होती?"

"माझी."

"मग तेवढंच लिहा त्या कागदावर."

राजारामने सही केलेल्या कागदाच्या मागे मी लिहिलं: मागच्या भिंतीतल्या आणि जमिनीतल्या वायरची दुरुस्ती माझी होती. पट्टी मी कापायला लावली. राजारामचा दोष नाही. चंपाने सांगूनही मी ऐकलं नाही. खाली सही केली. चंपाने कागद डाव्या हाताने घेतला आणि फोटोच्या मागे ठेवला.

संध्याकाळी वेनला फोन केला. "मावशी, वाट लावलीस तू सगळ्याची!" म्हणाला. हो म्हटलं.

१५ मार्च, शनिवार

केतनला मीच बोलावून आणलं. नाक्यावर जाऊन त्याला सॉरी म्हटलं, तो आपला "राहू द्या आंटी" म्हणत पिशवी उचलून चालायला लागला. लग्नाच्या चार लाद्या फोडल्या. खाली पट्टीचं टोक सापडलं, सरळ कापलेलं. हातभर लांबच्या ड्रिलच्या भोकाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, केतनने राजारामला बोट लावून दाखवलं. राजारामने वाकून बघितलं, पुन्हा बघितलं.

नवी पट्टी, मीठ, कोळसा, नवा गिझर, स्विचही नवा. केतन टेस्टर लावून बघणार होता. मी म्हटलं, थांब, आधी मी धरते. "आंटी, कशाला? टेस्टर आहे ना!" मी सपाता बाहेर काढल्या, पाय ओले केले आणि नळ धरला. काही झालं नाही. लादी फार थंड होती. चार महिन्यांपूर्वी एवढंच करायचं होतं.

मग चंपा आत आली. डाव्या हाताने नळ धरला. सोडला. मग उजवा पुढे केला. बोटं नळाभोवती पुरती मिटत नव्हती आणि हात थरथरत होता. ती थरथर करंटाची नव्हती. ती माझी होती.

मी म्हटलं, "चंपा, जाऊ नका गं. राहा. नवा करार करू, घरातली कुठलीही दुरुस्ती माझी."

ती म्हणाली, "सांगितलंत ते बरं केलंत, आंटी. पण रोज ह्याच नळाखाली उभं राहायचंय. नाही जमणार."

२९ मार्च, शनिवार

गेले. मुलुंडला घर मिळालं, राजारामच्या शाळेची बस तिकडेही असते. टेम्पो भरताना नीलम आणि तो कपाटावरून भांडत होते, आडवं घालायचं की उभं, मोठ्याने. ऐकून बरं वाटलं.

जाताना खोली झाडून, पुसून, चावी दिली. फोटोचा खिळा काढून भोक सिमेंटने बुजवलं होतं. मी म्हटलं, अरे राहू द्यायचा होता. राजाराम म्हणाला, "किरकोळ दुरुस्ती आहे, आंटी. आमचीच." चेष्टेत म्हणाला की कसं, त्याच्या तोंडावरून कळलं नाही.

चंपा शेवटी आली. दोन्ही हातांत प्लेट, काचेची, निळ्या फुलांची. रव्याचे लाडू. उजव्या हाताला ती प्लेट जड होत होती, काच किणकिणत होती, मी पटकन पुढे होऊन घेतली.

"नीलमने वळलेत," ती म्हणाली. "माझ्याने अजून वळत नाहीत."

मी प्लेट दोन्ही हातांनी धरली.

"प्लेट मला परत हवीय, आंटी. सेटमधली आहे." आणि नव्या घराचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी लाडवांवर ठेवली.

लाडू खाल्ला एक. बाकीचे डब्यात काढून प्लेट धुतली, पुसली, टेबलावर ठेवली आहे. रिकामी कशी द्यायची, फुगे करीन, आमचे तळलेले गोल पाव. त्यांचं पीठ हातानेच फेटावं लागतं, खांदा भरून येतो. पुढच्या रविवारी मिस्सा झाला की कोपऱ्यात बादलीभर पाणी घालून मुलुंडला जाईन. दार उघडतील की नाही माहीत नाही. उघडलं आणि चंपाने चहा टाकला तर घेईन. माझ्या पोटाला कधीच काही झालेलं नव्हतं.